कात्री कोणाच्या हातात? : कृष्णवर्णीयांच्या गीतपटांची दृश्यभाषा

दलित साहित्याची चर्चा महाराष्ट्रात सुरू झाली तेव्हापासून आपण अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या शब्दांशी नाते सांगत आलो आहोत. डॉ. म. ना. वानखेडे आणि डॉ. जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्याची ओळख मराठी वाचकाला करून दिली. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला, १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि हे नाते पुस्तकातून रस्त्यावर आले. त्यांच्या कविता आपण वाचल्या, आत्मचरित्रे वाचली, भाषणे वाचली. त्यांची चित्रे मात्र आपण वाचली नाहीत. चित्र नुसते पाहायचे असते, वाचायचे असते ते पुस्तक, असा आपला समज राहिला.

आज परिस्थिती अशी आहे की महाविद्यालयात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना लँगस्टन ह्यूज किंवा रिचर्ड राइट ही नावे ऐकून ठाऊक असली तर असतात. पण कृष्णवर्णीय गायकांचे म्युझिक व्हिडिओ त्यांनी शेकड्यांनी पाहिलेले असतात. चौदा एप्रिल जवळ आला की वस्तीवस्तीतून भीमगीतांचे नवे व्हिडिओ निघतात. त्यांत कॅमेरा कसा फिरतो, गायक कसा उभा राहतो, मागे मोटार कोणती असते, यातले पुष्कळसे तिकडच्या चित्रांवरून घेतलेले असते. ज्या भाषेत आपण बोलू लागलो आहोत तिचे व्याकरण आणि तिचा इतिहास तपासणे हे चळवळीचेच काम आहे, असे मी मानतो.

व्याकरणाची सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करू. म्युझिक व्हिडिओत गाणे आधी ध्वनिमुद्रित झालेले असते. नंतर ते वाजवले जाते आणि गायक कॅमेऱ्यापुढे नुसते ओठ हलवतो. म्हणजे आवाज आणि चित्र यांचा जन्म वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या ठिकाणी होतो. आवाज सलग असतो. चित्राला तसे बंधन नसते. एका ओळीत गायक छतावर, दुसऱ्या ओळीत रस्त्यावर असू शकतो, कारण खालून वाहणारे गाणे तुकड्यांना बांधून ठेवते. एका तुकड्याकडून दुसऱ्याकडे जाण्याच्या क्षणाला चित्रपटवाले ‘कट’ म्हणतात. इंग्रजीत कट म्हणजे कापणे. आपल्या मराठीत कट म्हणजे कारस्थान. पुढे सांगणार आहे त्या इतिहासात दोन्ही अर्थ लागू पडतात. कोणाला चौकटीत घ्यायचे, कोणाला किती वेळ ठेवायचे आणि कोणाला काढून टाकायचे, हे ठरवणारी वस्तू कात्री. ती कोणाच्या हातात होती, एवढाच प्रश्न घेऊन मी हा इतिहास पाहणार आहे.

१

बोलपट नुकता आला होता तेव्हा, १९२९ मध्ये, ‘सेंट लुईस ब्लूज’ नावाचा एक लघुपट निघाला. त्यात गायिका बेसी स्मिथ आहे. तिच्या काळातील ब्लूज गायनाची ती सम्राज्ञी. पण तिचे हलते चित्र जगाकडे उरले ते एवढेच. पात्रे सगळी कृष्णवर्णीय आणि दिग्दर्शक डडली मर्फी हा गोरा. प्रियकर तिला फसवतो, ढकलून देतो, आणि ती गाऊ लागते. आवाज असा की भिंती हलाव्यात. पण त्या आवाजाला चौकट मिळाली ती जुगार, दारू आणि मार खाणारी बाई यांची. आवाज तिचा होता, तिच्याविषयीची कथा दुसऱ्याची होती.

१९४० मध्ये शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीने ‘पॅनोरम’ नावाचे यंत्र बाजारात आणले. कपाटाएवढ्या पेटीला वर काचेचा पडदा, आत प्रक्षेपक आणि आरसे. दहा सेंटचे नाणे टाकले की सुमारे तीन मिनिटांचे एक गीतचित्र दिसे. या चित्रांना ‘साउंडीज’ म्हणत. आरशांतून चित्र उलटे होई, म्हणून फिल्मच उलटी छापत, म्हणजे पडद्यावर सुलटे दिसे. दारूचे गुत्ते, उपाहारगृहे, स्थानके अशा ठिकाणी ही यंत्रे असत. गाणे आधी मुद्रित करायचे आणि ओठ नंतर जुळवायचे, ही पद्धत इथे रुळली. म्युझिक व्हिडिओचा हाच पूर्वज. ड्यूक एलिंग्टन, फॅट्स वॉलर, लुई जॉर्डन, डोरोथी डँड्रिज अशा अनेक कृष्णवर्णीय कलावंतांची साउंडीज निघाली.

या यंत्राची एक गंमत होती. एका रिळावर आठ गाणी असत आणि ती ठरलेल्या क्रमाने फिरत. नाणे टाकणाऱ्याला निवड नव्हती. जे पुढे असेल ते पाहायचे. गोऱ्या गिऱ्हाइकापुढेही फिरत फिरत कृष्णवर्णीय गायक येऊ शके. मात्र तो ज्या देखाव्यात येई तो पाहावा : कधी जंगल, कधी कापसाचे शेत, कधी नोकराचा पोशाख. गाणे नवे आणि मागचा पडदा गुलामीचा. या चित्रांकडे मी आवाज बंद करून पाहिले, तेव्हा हा पडदा ठळक दिसला. आवाज चालू असताना गाण्याची गोडी आपले लक्ष त्यावरून उडवते.

कात्रीचा उघडा वापर हॉलिवूडने केला. गायिका लीना हॉर्न १९४० नंतरच्या काळात मेट्रो-गोल्डविन-मेयर या बड्या चित्रसंस्थेच्या अनेक संगीतपटांत दिसते. ती येते, एक गाणे गाते आणि जाते. तिच्या गाण्याचा कथेशी संबंध बहुधा नसतो. इतर पात्रांशी ती बोलतही नाही. त्यामागे योजना होती. दक्षिणेकडील राज्यांत चित्रपट पाठवताना तिचा भाग काढून टाकता यावा आणि कथेला धक्का लागू नये, अशाच रीतीने तो चित्रित केला जाई. गावकुसाबाहेर वस्ती ठेवायची म्हणजे गावाचे सगळे व्यवहार तिच्या श्रमावर चालतात, पण नकाशातून ती केव्हाही पुसता येते. तसाच हा प्रकार. लीना हॉर्नचे गाणे हा त्या चित्रपटांचा गावकुसाबाहेरचा भाग होता.

याच काळातील दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. १९४४ मध्ये छायाचित्रकार योन मिली याने ‘जॅमिन द ब्लूज’ हा दहा मिनिटांचा लघुपट केला. लेस्टर यंगसारखे श्रेष्ठ जॅझ वादक त्यात आहेत. काळी पार्श्वभूमी, सिगारेटचा वर चढणारा धूर, एकाच बाजूने येणारा प्रकाश, टोपीची कड आणि वाद्याची चमक. आजचा दिग्दर्शकही हेवा करील असे हे चित्र आहे. त्या ताफ्यात बार्नी केसेल हा एकच गोरा गिटारवादक होता. काळे आणि गोरे एकत्र वाजवताना दिसले तर दक्षिणेत चित्र चालणार नाही, म्हणून केसेलला सावलीत बसवले गेले आणि समीपदृश्यासाठी त्याचे हात फळांच्या रसाने काळे केले गेले, अशी हकिकत नोंदली गेली आहे. आपण सावलीला सौंदर्य म्हणतो. ती सावली कशासाठी पाडली होती हे कळल्यावर त्या सौंदर्याचे काय करायचे, हा प्रश्न मला पडतो. चित्राचे मोल त्यामुळे कमी होते असे मी म्हणत नाही. पण प्रकाशयोजना ही निव्वळ तंत्राची बाब आहे असे यापुढे कोणी म्हणू नये.

२

दूरचित्रवाणी आली तेव्हा कात्री जाहिरातदाराच्या हातात गेली. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये एनबीसी या वाहिनीवर नॅट किंग कोल या लोकप्रिय गायकाचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला. प्रेक्षक होते, मोठमोठे कलावंत येत होते. तरी देशभरासाठी प्रायोजक मिळाला नाही, आणि १९५७ च्या डिसेंबरमध्ये कार्यक्रम बंद पडला. कोणी बंदी घातली नाही, कोणी कायदा केला नाही. फक्त पैसे दिले नाहीत. बहिष्काराला हुकूम लागत नाही हे आपल्याला सांगायला नको.

याला उत्तर शिकागोतून मिळाले. १९७० मध्ये डॉन कॉर्नेलियस या कृष्णवर्णीय निवेदकाने तेथील स्थानिक वाहिनीवर ‘सोल ट्रेन’ सुरू केले आणि १९७१ पासून ते अनेक शहरांतून दिसू लागले. गायक, नाचणारी तरुण मुले आणि निर्माता, सगळे एकाच समाजाचे. प्रायोजक म्हणून पुढे आली ती जॉन्सन प्रॉडक्ट्स ही कृष्णवर्णीय मालकीची केशप्रसाधनांची कंपनी. जे नॅट किंग कोलला मिळाले नाही ते इथे समाजाने स्वतः उभे केले.

दृश्यभाषेतही फरक पडला. दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात आणि मधल्या वाटेने एकेक जोडी नाचत कॅमेऱ्याकडे येते. कॅमेरा समोर स्थिर उभा. येणारा माणूस त्याच्याकडे बघत, आपल्या मर्जीने, आपल्या लकबीने पुढे येतो. साउंडीजमध्ये कॅमेरा गायकाला न्याहाळत होता. इथे नाचणारा कॅमेऱ्याला दर्शन देतो. बहुतेक मुले साधी, शहरातल्या शाळा-कॉलेजांतली, नोकरीधंद्यातली. आपल्या देहाची आपल्याला लाज नाही, एवढे एकच वाक्य ते चित्र दर आठवड्याला उच्चारत होते. जुन्या दलित कवितेत ‘मी’ हे सर्वनाम जे काम करते, तेच इथे त्या मोकळ्या चालीने केले.

३

१ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही चोवीस तास गीतचित्रे दाखवणारी वाहिनी सुरू झाली. पहिल्या दीड वर्षात तिच्यावर कृष्णवर्णीय गायक अगदी थोडे दिसले. आपण रॉक संगीत दाखवतो आणि हे गायक त्या प्रकारात बसत नाहीत, असे वाहिनीचे म्हणणे होते. गायक रिक जेम्स याने याविरुद्ध जाहीर तक्रार केली. १९८३ मध्ये डेव्हिड बोवी या गोऱ्या गायकाने वाहिनीच्याच निवेदकाला मुलाखतीत उलट प्रश्न विचारला की कृष्णवर्णीय कलावंत इतके कमी का? लहान गावांतले प्रेक्षक बिचकतील याचा विचार करावा लागतो, अशा आशयाचे उत्तर मिळाले. रॉक संगीताची उभारणीच कृष्णवर्णीयांच्या ब्लूजवर झाली, हे लक्षात घेतले म्हणजे या उत्तराचा खोटेपणा कळतो. ‘प्रकारात बसत नाही’ हे शब्द ऐकले की मला आपल्याकडचा ‘गुणवत्ता’ हा शब्द आठवतो. दोन्ही शब्द दिसायला निर्मळ आहेत. आणि दारावरच्या पहारेकऱ्याचे काम दोन्ही चोख करतात.

१९८३ च्या मार्चमध्ये मायकेल जॅक्सनचे ‘बिली जीन’ या वाहिनीवर आले. त्याच्या ध्वनिमुद्रिका ज्या वेगाने खपत होत्या, त्यापुढे दार बंद ठेवणे अशक्य झाले होते. या व्हिडिओची रचना पाहण्यासारखी आहे. अंधारी, कृत्रिम गल्ली. गायक जिथे पाऊल ठेवतो ती फरशी उजळते. एक छायाचित्रकार त्याच्या मागावर आहे. तो त्याचे चित्र टिपू पाहतो, पण कागदावर गायक उमटतच नाही. राल्फ एलिसनने १९५२ मध्ये ‘इन्व्हिजिबल मॅन’ ही कादंबरी लिहिली. गोरा समाज ज्याला पाहायलाच तयार नाही अशा कृष्णवर्णीय माणसाची ती कथा. एलिसनच्या नायकाचे न दिसणे ही त्याच्यावर लादलेली अवस्था होती. जॅक्सनच्या व्हिडिओत न सापडणे ही त्याची शक्ती झाली आहे. जी वाहिनी त्याच्यासारख्यांना दाखवत नव्हती, तिच्यावर तो आला तो, कॅमेऱ्याने मला पकडून दाखवावे, असे आव्हान घेऊन. करणाऱ्यांच्या मनात हा अर्थ होता की नाही, हे मी सांगू शकत नाही. चित्रात तो आहे.

तंत्राची आणखी एक गोष्ट. जॅक्सनचा नाच पायापासून टोपीपर्यंत एकसंध असतो. त्यामुळे कॅमेऱ्याला मागे सरून पूर्ण देह चौकटीत घ्यावा लागतो आणि कात्रीला थांबावे लागते. ‘बीट इट’मध्ये शेवटी सगळा समूह त्याच्या मागे एका तालात नाचतो, ही समूहरचना पुढे जगभरच्या चित्रपटांनी उचलली, आपल्या हिंदी चित्रपटांनीही. २ डिसेंबर १९८३ रोजी आलेला ‘थ्रिलर’ तर सुमारे चौदा मिनिटांचा. पण हेही नोंदवले पाहिजे की या तिन्ही व्हिडिओंचे दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन, बॉब जिराल्डी आणि जॉन लँडिस हे गोरे होते. देहाने कात्रीला अटी घातल्या. कात्री अजून हातात आलेली नव्हती.

४

ती हाती येण्याची वाट न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातून निघाली. साउथ ब्राँक्समध्ये जळकी घरे, बेकारी आणि पोलिसांचा जाच यांमधून रॅप जन्माला आले. रॅप हे दुसऱ्यांच्या तबकड्यांतील तुकडे घेऊन त्यांवर आपले बोल रचणारे गाणे. म्हणजे कापणे आणि जोडणे ही त्याची मूळ रीत. ज्यांच्याकडे वाद्ये नव्हती त्यांनी ध्वनिमुद्रिका वाजवण्याच्या यंत्रालाच वाद्य केले. १९८२ मधील ‘द मेसेज’च्या व्हिडिओत रंगमंच नाही, देखावा नाही. खरा रस्ता, खऱ्या इमारती, येणारी-जाणारी माणसे. आणि शेवटी कोपऱ्यावर नुसत्या उभ्या असलेल्या गायकांना पोलीस पकडून नेतात. इथे प्रथमच पार्श्वभूमी ही साक्ष झाली. कवितेतून वस्ती आली तेव्हा मराठी साहित्यात जे घडले, त्याच्याशी याचे नाते उघड आहे.

१९८४ मध्ये रन-डीएमसी यांच्या ‘रॉक बॉक्स’ने एमटीव्हीचे दार रॅपसाठी उघडले. १९८६ मध्ये त्यांनी एरोस्मिथ या गोऱ्या वाद्यवृंदाबरोबर ‘वॉक धिस वे’ केले. शेजारच्या दोन खोल्यांत दोन ताफे सराव करतात, मधली भिंत फुटते आणि दोघे एकत्र येतात. वर्णभेदाची भिंत पडल्याचे चित्र म्हणून त्याचे खूप कौतुक झाले. पण भिंत फोडतो कोण? गोरा गायक. आपली मंदिरे आपणहून खुली करणाऱ्या उदार सुधारकाचे चित्र जसे पाठ्यपुस्तकांत मोठे छापले जाते आणि काळाराम मंदिरापुढे १९३० पासून उभे राहिलेले सत्याग्रही लहान होतात, तसेच हे आहे.

१९८९ चे ‘फाइट द पॉवर’ मला या सगळ्या इतिहासातील वळण वाटते. पब्लिक एनिमी या गटाचे गाणे आणि स्पाइक ली या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचे चित्रण. त्याने ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हेसंट वस्तीत खराखुरा मोर्चाच काढला आणि तो चित्रित केला. सुरुवातीला १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाची जुनी बातमीचित्रे येतात आणि मग १९८९ चा रस्ता. मोर्चात माल्कम एक्ससारख्या नेत्यांच्या मोठ्या तसबिरी उंच धरलेल्या आहेत. गायक गर्दीच्या पुढे नाहीत, गर्दीच्या आत आहेत. चौदा एप्रिलची मिरवणूक पाहिलेल्या कोणालाही हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही.

आता कटाचे काय झाले ते पाहा. दक्षिणेत पाठवताना ज्या कात्रीने लीना हॉर्नला काढून टाकले, त्याच कात्रीने इथे १९६३ आणि १९८९ यांना जोडले. मधली सव्वीस वर्षे, ज्यांत माल्कम एक्स आणि मार्टिन ल्यूथर किंग दोघेही मारले गेले, त्या एका सांध्यात मावली. साधन तेच, हात बदलला आणि अर्थ उलटला.

५

इथे हा लेख संपवता आला असता तर बरे झाले असते. पण पुढे जे झाले ते झाकून ठेवले तर आपण इतिहास लिहिला असे होणार नाही. १९८८ मध्ये एमटीव्हीने रॅपचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला आणि १९९० नंतर रॅप हा मोठा व्यापार झाला. हाइप विल्यम्ससारख्या कल्पक कृष्णवर्णीय दिग्दर्शकांच्या हाती पैसा आणि तंत्र आले. कडा वाकवणारे, माणसाला पडद्यातून बाहेर फुगवणारे भिंग त्याने रूढ केले. १९९७ मध्ये मिसी एलियट ही गायिका त्याच्या व्हिडिओत हवा भरलेला काळा फुगीर पोशाख घालून उभी राहिली. स्त्रीचा देह ज्या नजरेने मापला जातो त्या नजरेला तिने मापण्यासाठी काही शिल्लकच ठेवले नाही! त्या भिंगाचा इतका अर्थपूर्ण वापर मी दुसरा पाहिलेला नाही.

पण बाजाराने जे उचलले ते निराळे होते : मोटारी, सोन्याच्या साखळ्या, आणि गायकाभोवती मांडलेल्या, नाव नसलेल्या बायका. कॅमेरा गायकाचा चेहरा दाखवतो आणि स्त्रीचे अवयव. समीपदृश्याची कात्री तिचे डोके वेगळे करते. २००३ मधील ‘टिप ड्रिल’ या नेली नावाच्या गायकाच्या व्हिडिओत स्त्रीच्या देहावरून क्रेडिट कार्ड फिरवले जाते. तो दाखवला जाई बीईटी या वाहिनीवर, रात्री उशिराच्या ‘अनकट’ नावाच्या कार्यक्रमात. अनकट म्हणजे न कापलेले! बीईटी ही रॉबर्ट जॉन्सन या कृष्णवर्णीय उद्योजकाने १९८० मध्ये सुरू केलेली वाहिनी. २००० मध्ये ती व्हायाकॉम या कंपनीला विकण्याचा करार झाला आणि एमटीव्हीची मालकीही त्याच कंपनीकडे होती.

याविरुद्ध उभ्या राहिल्या त्या कृष्णवर्णीय स्त्रियाच. २००४ मध्ये अटलांटातील स्पेलमन या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या महाविद्यालयात हा गायक अस्थिमज्जादात्यांच्या नोंदणीच्या मोहिमेसाठी येणार होता. आधी या व्हिडिओविषयी आमच्याशी बोला, असा आग्रह विद्यार्थिनींनी धरला. कार्यक्रम रद्द झाला. समाजाच्या शत्रूला आयते हत्यार मिळेल म्हणून गप्प बसा, असे त्यांना सांगणारे कमी नव्हते. आपल्या चळवळीतील स्त्रियांनाही हे वाक्य चांगले ओळखीचे आहे. आणि तमाशाच्या फडावर जातीने लादलेला नाच ज्यांच्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या नाचला, त्या समाजाला तर या प्रश्नाकडे पाठ फिरवण्याचा अधिकारच नाही. हात बदलला एवढ्याने भागत नाही, हा धडा स्पेलमनच्या मुलींनी दिला. तो हात कोणाला कापतो आहे हे दर वेळी तपासावे लागते.

६

अलीकडच्या दोन व्हिडिओंत हा धडा पचलेला दिसतो. २०१६ च्या फेब्रुवारीत आलेले बियॉन्सेचे ‘फॉर्मेशन’ मेलिना मत्सुकास या स्त्रीने दिग्दर्शित केले. पुराच्या पाण्यात बुडत जाणाऱ्या पोलिसांच्या मोटारीवर गायिका उभी आहे. २००५ च्या कॅटरिना वादळात बुडालेले न्यू ऑर्लिन्स तिथे आठवतेच. दुसरीकडे, शस्त्रसज्ज पोलिसांच्या रांगेपुढे एक लहान मुलगा एकटा नाचतो आणि पोलीस हात वर करतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी हात वर केले त्यांचे पोर समोर उभे राहते आणि आज्ञेची दिशा उलटते.

दुसरा व्हिडिओ म्हणजे ५ मे २०१८ रोजी आलेला ‘धिस इज अमेरिका’. गायक डोनाल्ड ग्लोव्हर, ज्याचे गायनातील नाव चाइल्डिश गॅम्बिनो. दिग्दर्शक हिरो मुराई. एका मोठ्या रिकाम्या गोदामात गायक नाचत पुढे येतो. तो अचानक एका माणसाला गोळी घालतो. बंदूक लाल कापडात जपून ठेवली जाते आणि प्रेत फरफटत नेले जाते. पुढे गाणाऱ्या भजनीमंडळावर गोळीबार होतो, आणि २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या प्रार्थनामंदिरात मारले गेलेले नऊ कृष्णवर्णीय प्रेक्षकांना आठवतात. तरी नाच चालूच असतो. गणवेशातील मुले त्याच्याभोवती हसत नाचतात आणि मागे पळापळ, जाळपोळ, पोलीस.

इथे मला महत्त्वाचे वाटते ते हे की दिग्दर्शकाने कात्री जवळजवळ खाली ठेवली आहे. दृश्ये लांबच लांब चालतात. कट केला असता तर नाच आणि हिंसा वेगळी झाली असती. आपण एक पाहून दुसरी विसरलो असतो. सलग दृश्यात दोन्ही एकाच चौकटीत राहतात. पुढचा नाच डोळा खेचतो आणि मागचे दिसत असूनही दिसत नाही. पहिल्यांदा पाहताना बहुतेक लोक नाचच पाहतात. दुसऱ्यांदा पाहताना ते स्वतःलाच नाच पाहताना पकडतात. कृष्णवर्णीयांचे गाणे हवे आणि कृष्णवर्णीय माणूस नको, ही साउंडीजपासून चालत आलेली गोष्ट प्रेक्षकाच्या डोळ्यातच उघडी पाडली जाते. शेवटी गायक अंधारातून जीव घेऊन पळतो आहे. नाचणाऱ्या देहाचे पळणाऱ्या देहात झालेले हे रूपांतर कोणत्याही भाषणाहून जास्त बोलते. पुढच्या वर्षी या गाण्याला चार ग्रॅमी पुरस्कार मिळाले. पळणारा माणूस मात्र चित्रात अजून पळतोच आहे.

७

या इतिहासातून आपण काय घ्यायचे? चकाकती मोटार आणि काळा चष्मा घेणे सोपे आहे. ते घेतले गेलेही आहे. घ्यायचा तो प्रश्न : या चौकटीतून कोण कापले गेले?

हा प्रश्न दूरचा नाही. २०२१ च्या मार्चमध्ये ‘एन्जॉय एन्जामी’ हे तमिळ गाणे आले आणि देशभर गाजले. त्याचे शब्द अरिवु या दलित रॅप गायकाचे. धी या गायिकेबरोबर तो त्यात गातोही. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबून भूमिहीनच राहिलेल्या आपल्या आजीच्या, वल्लियम्माळच्या, आठवणींतून त्याने ते रचले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका संगीत नियतकालिकाने या गाण्याच्या यशाचा गौरव करणारे मुखपृष्ठ काढले, आणि त्यावर अरिवु नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतला, टीका झाली, मग अरिवुचे स्वतंत्र मुखपृष्ठ निघाले. लीना हॉर्नला कापणारी कात्री अजून बोथट झालेली नाही.

आपल्या परंपरेत या कात्रीवर एक जुना उपाय आहे. अभंगाच्या शेवटी चोखोबा आपले नाव घालतात. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात अखेरच्या कडव्यात ‘वामन’ येतो. या नाममुद्रेकडे आपण रूढी म्हणून पाहतो. मला ती संरक्षणाची युक्ती वाटते. ज्यांचे लेखन छापले जाण्याची खात्री नव्हती, ज्यांची गाणी तोंडातोंडी जाणार होती, त्यांनी आपले नाव गाण्याच्या वीणेतच गुंफले. नाव काढायचे तर कडवेच फाडावे लागेल. जलशापासून ध्वनिफितीपर्यंत या युक्तीने कवी जिवंत ठेवला.

आज भीमगीताचा व्हिडिओ निघतो तेव्हा गायक दिसतो, निर्मात्याचे बोधचिन्ह कोपऱ्यात चमकते. गीत लिहिणाऱ्याचे नाव बहुधा सापडत नाही. मागे नाचणाऱ्या मुली आहेत, त्यांची नावे नाहीत. पहाटे रस्ते झाडणारी बाई, जिच्या घरात हे गाणे वाजते, ती चौकटीत नाही. आपल्या मुलांच्या हातात आज कॅमेरा आणि कात्री दोन्ही आहेत. खिशातल्या मोबाइलमध्ये आहेत. वानखेडे, वाघमारे यांच्या पिढीने कृष्णवर्णीयांचा शब्द आपल्यापर्यंत आणला. शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी आता त्यांचे चित्रही वर्गात आणि शिबिरात आणावे, आवाज बंद करून एकदा दाखवावे, आणि मुलांना दर कटाला विचारायला शिकवावे : इथे कोण होते, आणि कोणी काढले? मग स्वतःचा व्हिडिओ करताना ती मुले कवीचे नाव शेवटच्या चौकटीत घालतील, आणि रस्ता झाडणाऱ्या आईला पहिल्या.